टेबलाचा आवाज

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, एवढंच काम होतं. विजयश्रीबाई खाली भाजीच्या टेम्पोकडे गेल्या होत्या आणि शेखरराव ओट्यापासून चार हातांवर स्टूल टाकून, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसले होते. पान अर्धं झालं असताना त्यांनी सहज मान वर केली, तर कुकरच्या डोक्यावरून वाफेचा पांढरा फवारा सरळ वर चालला होता, शिट्टी उचलली जाऊन थरथरत होती, आणि स्वयंपाकघर अगदी शांत होतं. काचेपलीकडचा धबधबा बघावा तसे ते बघत राहिले. फवारा बसला. थोड्या वेळानं पुन्हा उठला. तरी त्यांना उठून बटण फिरवावंसं वाटलं नाही, कारण सांगितलं होतं ते शिट्टीचं, आणि शिट्टी अजून झाली नव्हती. ती होण्याची ते प्रामाणिकपणे वाट बघत होते. डाळ करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की शिट्ट्या झाल्या. तीन नव्हे, चांगल्या सात-आठ झाल्या. “अहो, खाली गेटपर्यंत ऐकू येत होतं!” विजयश्रीबाई पिशवी दारातच टाकून आत धावल्या. “घर पेटलं तरी हा माणूस पान संपवूनच उठणार.” शेखरराव पुस्तक छातीशी धरून ओशाळं हसले. पुस्तकावर आळ गेला ते त्यांना बरंच वाटलं.

त्याच पुस्तकात, शेवटच्या पानाआड, चार महिन्यांपूर्वीचा एक घडी घातलेला कागद होता. ग्रंथालयात जातो असं सांगून ते चिंचवडला कानाच्या डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले होते. कागदावर एक रेघ होती. डावीकडून ती पठारासारखी सपाट येत होती आणि मध्यापाशी एकदम कडा कोसळावा तशी खाली गेली होती. “कारखान्यात होतात ना?” डॉक्टरनं विचारलं होतं. “वरच्या पट्टीचं सगळं गेलंय, आजोबा. खालच्या पट्टीचं मात्र तरण्या पोराचं आहे.” घरी येताना बसमध्ये त्यांनी तो कागद तीनदा उघडून पाहिला होता. भीती वाटायला हवी होती. पण आधी नवल वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यावर चालत होतो त्या जमिनीला अशी कड होती, आणि त्या कडेपलीकडे चिमण्या होत्या, मोबाइलची रिंग होती, बायकोच्या बांगड्या होत्या, तिच्या शब्दांची धार होती. शब्द कळत, पण गोट्यांसारखे गुळगुळीत होऊन येत. छत्तीस वर्षं, आधी भोसरीला आणि मग चाकणला, गिअरबॉक्स ऐकण्याची नोकरी. कान विकून पोट भरलं, आणि कंपनीनं विकत घेतलेलं तेवढं ठेवून घेतलं. पण हे कुणाला सांगायचं? घरात, नातेवाइकांत, सोसायटीत त्यांची एकच मिळकत होती: शेखररावांचा कान. कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाच्या गाडीतून आवाज आला, की बोलावणं यायचं. एरवी सभेत मागच्या रांगेत बसणाऱ्या या माणसाला तेवढ्यापुरतं पुढे उभं केलं जायचं.

आणि डाळ करपली नेमका त्याच दुपारी नातीचा फोन आला. तनुजा त्यांच्या मुलीची मुलगी. वाकडला राहायची, तिथल्याच एका कंपनीत कामाला होती, आणि दोन वर्षांपासून डबल बास वाजवत होती. माणसापेक्षा उंच, उभं धरून वाजवायचं ते वाद्य तिनं पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा विजयश्रीबाई म्हणाल्या होत्या, “लग्नाचं बघा म्हटलं तर ही कपाट घेऊन आली.” फोन विजयश्रीबाईंनीच उचलला आणि स्पीकरवर टाकला. मागच्या महिन्यातल्या कार्यक्रमात तनुजाला स्टेजवर स्वतःचंच वाजवणं ऐकू आलं नव्हतं. ड्रम, गिटार, सगळे कानावर पडत होते. आपला सूर तेवढा लोकांकडे निघून जात होता. “याला सतारीसारखे पडदे नसतात ना, आजोबा. बोट केसभर सरकलं की सूर सरकतो. मी दोन अख्खी गाणी चढी वाजवली, आणि मला कळलं कधी, तर दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकताना.” तिच्या ग्रुपचा प्रमुख रणजीत, त्यानं सांगून टाकलं होतं: शनिवारच्या कार्यक्रमात पुन्हा असं झालं तर कपाट घरी ठेव, बास आपण की-बोर्डवरच वाजवू. म्हणून तिला मॉनिटर हवा होता, म्हणजे आपल्याजवळ ठेवून फक्त आपण ऐकायचा स्पीकर. देहू-आळंदी रस्त्यावर एकजण असे बॉक्स बनवून देतो. “मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही फक्त ऐका आणि सांगा, हा घे.” शेखररावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. “येतील की,” विजयश्रीबाई म्हणाल्या, “इथं बसून डाळ जाळण्यापेक्षा.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मोठ्या कॅबमध्ये मागच्या सीटा पाडून वाद्य आडवं टाकलं आणि दोघं निघाले. मोशीतून जाताना शेखरराव नेहमीप्रमाणे उजवीकडे बघायचं टाळत होते, आणि नेहमीप्रमाणे बघितलं. आता जिथे चौदा मजले होते तिथे त्यांच्या घरचं, बोराट्यांचं खळं होतं. सहा वर्षांचे असताना एका सकाळी आत्यानं, मंजुळाबाईनं, त्यांना तिथे हाक मारून बोलावलं होतं. “हिकडं ये. कान नगं लावू, पाय टेक. भुई कायतरी म्हणती हाय.” त्यांनी अनवाणी पाय टेकले. काहीच नाही. मग तळव्याला एक धक्का, आवाज नसलेला, जणू खालून कुणी एकदाच दार ठोठावलं. कळशीतल्या पाण्यावर एक वर्तुळ उमटून काठाला गेलं. वडील सोनबा म्हणाले, भोसरीकडं कुठंसा कारखाना बसलाय, त्यात वाड्याएवढा हातोडा हाय, लोखंड कणकीसारखं तिंबतो. इतक्या लांबून? इतक्या लांबून. पोरगा दिवसभर त्या खळ्यावर उभा राहिला होता. कानांना वळसा घालून थेट आपल्यापाशी आलेली ती गोष्ट, तिच्यासारखं नंतर काहीही, देऊळ, नदी, लग्न, काहीही, त्याला वाटलं नाही. पुढे त्यांनी कारखान्यातच नोकरी धरली ती पगारासाठी असं सगळे समजत आणि ते समजू देत.

बॉक्स बनवणाऱ्या इनायतचं दुकान म्हणजे खाली सिमेंटच्या जमिनीवर प्लायवूडच्या थप्प्या, कापायचं यंत्र, फेव्हिकॉलचा वास, आणि वर लोखंडी जिन्यानं जायचा लाकडी फळ्यांचा पोटमाळा, तिथे तयार माल मांडलेला. पन्नाशीचा इनायत मिरवणुकीतल्या डीजेंना बॉक्स पुरवायचा. डबल बास दोघांनी मिळून वर चढवला तेव्हा तो मागे सरून बघतच राहिला. “या अल्ला. हा तर व्हायोलिनचा खापरपणजोबा.” मग शेखररावांना त्यानं खुर्ची दिली. “बसा काका. तनुजाताई म्हणाल्या, तुम्ही कानानं गिअरबॉक्सचा दात मोजता.” “तसं काही नाही,” शेखरराव पुटपुटले. त्यांना घाम फुटला होता. इनायतनं पंधरा इंची स्पीकरचा काळा बॉक्स पुढे ओढला, त्याच्यावर मायेनं हात फिरवला. “हा माझा वाघ. चौकात लावला तर तिसऱ्या मजल्यावरच्या काचा सलाम करतात.” वाद्याची वायर अॅम्प्लिफायरमधून बॉक्सला जोडली. तनुजानं वाद्य कुशीत घेतलं, डोकं त्याच्या मानेला टेकवलं आणि सगळ्यांत जाड तार ओढली.

शेखरराव उठून उभे राहिले. उठलो हे त्यांना उठल्यावर कळलं. खालून काहीतरी आलं होतं: तळव्यांतून, पोटऱ्यांतून, खुर्चीच्या दांड्यातून, पोटात. महिनोन्महिने जग त्यांच्याकडे गोट्या होऊन येत होतं, आणि हा सूर मात्र अख्खा आला, त्याच्या सगळ्या अंगासकट. तनुजा हसत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आजोबा, हाच ना?” इनायतनं छाती पुढे काढली. शेखररावांच्या ओठांवर हो आलंच होतं. का ते त्यांना सांगता आलं नसतं, पण ते दोन पावलं मागे सरले, जिन्याच्या तोंडाशी, जिथे फळ्या संपून भिंतीत बसवलेला सिमेंटचा कट्टा सुरू होत होता, आणि त्यावर एक पाय ठेवला. त्या पायाला काही आलं नाही. एक पाय सुरात होता आणि एक पाय कोरडा. ते तसेच दोन जगांत उभे राहिले, आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा नवनाथ समोर आला.

नवनाथ राजगुरुनगरहून यायचा. कंपनीत कायम व्हायला त्याचे दोन महिने राहिले होते. त्यानं जोडलेल्या गिअरबॉक्समधून घुंग असा बारीक, खालचा आवाज शेखररावांना येऊ लागला. एकातून नाही, ओळीनं अकरांमधून. त्या वेळी ते तरुण होते आणि त्यांचा कान म्हणजे शेवटचा शब्द होता. प्रत्येकावर त्यांनी लाल खडूनं फुली मारली आणि कागदावर लिहिलं: नक्की दोष. नवनाथ म्हणाला होता, “साहेब, पुन्हा एकदा ऐका राव. मी हातानं फिरवून बघितलंय.” त्यांनी ऐकलं, त्याच टेबलावर ठेवून. नवनाथला घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी झाडणाऱ्या बाईला टेबलाच्या पायाखालची रबराची चकती झिजून बाहेर आलेली सापडली. बोलत होतं ते टेबल. गिअरबॉक्स गप्प होते. कुणी शेखररावांना रागावलं नाही, चकती बदलली एवढंच. एका रविवारी ते राजगुरुनगरला गेले. एसटी स्टँडवर दीड तास उभे राहिले, पत्ता खिशात होता. मग स्टँडवरच्या दुकानातून एक पुस्तक घेतलं आणि परतीच्या गाडीत बसले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी खडू हातात धरला नाही. पेन्सिलीनं लिहायचे: दोष असावा असे वाटते. वरचे साहेब हसायचे, “शेखर, वाटते काय, सांग ना.” त्यांना वाटतच राहिलं.

“हे खाली न्यायला हवं,” शेखरराव म्हणाले. आवाज इतका हळू निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “खाली. सिमेंटवर. फळ्या वाजताहेत या.” इनायत हसला. “काका, पंचेचाळीस किलो आहे. आणि दहा वर्षं गिऱ्हाईक इथंच ऐकतं, इथंच खूश होतं.” “म्हणूनच,” शेखरराव म्हणाले, आणि आपण असं कसं बोललो याचं त्यांना नवल वाटलं. “स्कूटरचा जुना टायर असेल तर... त्याच्यावर ठेवू. आम्ही तसं करायचो. नाहीतर माल गप्प राहतो आणि टेबल बोलतं.” तनुजानं इनायतकडे पाहिलं. इनायतनं कपाळाला हात लावला, पण मग दोन माणसांना हाक मारली. वाघ जिन्यावरून उतरला, मागोमाग वाद्यही. दुकानामागून टायर आला.

खाली, टायरवर, वाघाचा वाघ राहिला नाही. सूर यायचा पण त्याला कड नव्हती. पावसात भिजलेल्या गादीवर मारल्यासारखा. इनायत अॅम्प्लिफायरचं बटण उगाच पुसू लागला. आणि एका विशिष्ट सुरावर भलतंच झालं: तनुजानं तार हातानं दाबून थांबवली तरी आवाज थांबेना, उलट फुगत गेला, वाद्याच्या पोटातून घुमायला लागला. ती दचकून दूर झाली. “हे काय होतंय! मी वाजवतच नाहीये, आजोबा!” शेखररावांनी इकडे तिकडे पाहिलं. बाकावर इनायतची लाकडी फूटपट्टी होती. “पुन्हा लाव बोट तिथंच,” ते म्हणाले, आणि पट्टीचं एक टोक वाद्याच्या अंगाला अलगद टेकवून दुसरं त्यांनी कानामागच्या हाडावर धरलं.

दुकान नाहीसं झालं. पलीकडे एक खोली होती. मोठी, अंधारी, उबदार. तिच्या भिंती श्वास घेतल्यासारख्या आतबाहेर होत होत्या, आणि कुणीतरी तिथे फार सावकाश चालत होतं. एकेक पाऊल त्यांच्या कवटीत उमटत होतं, कळशीतल्या वर्तुळासारखं मधून निघून काठाला जात होतं. डॉक्टरची रेघ त्यांना आठवली, तिचं डावीकडचं पठार. तिथेच उभे होते ते. कडा त्यांच्या पाठीशी होता आणि समोर ही एवढी जमीन, जिच्यावर त्यांनी कधी नीट पाऊल ठेवलं नव्हतं, कारण कायम वरच्या खरखरीत दोष शोधण्यात दिवस गेले. किती वेळ गेला कळलं नाही. त्या पावलांत एक दुसरी चाल मिसळत होती, बाहेरून येणारी, बॉक्समधून. ती भिंतींना धक्के देत होती. त्यांनी पट्टी काढली. “हा तुझ्या वाद्याकडे तोंड करून आहे,” ते म्हणाले. “तू थांबलीस तरी तो वाजवतोय त्याला. बाजूला हवा. वर, तुझ्या कानाशी. आणि लहान हवा.”

लहान बॉक्स नव्हता. मग इनायतचीच नजर कोपऱ्यात गेली, जिथे एका करड्या ठोकळ्यावर चहाची किटली आणि ग्लास मांडले होते. “एक तेवढा आहे. आळंदीच्या भजनी मंडळानं पखवाजासाठी सांगितला होता. बारा इंची, चारी बाजूंनी बंद, एक भोक नाही. त्यांना छोटा वाटला, नेलाच नाही. तेव्हापासून चहा सांभाळतोय.” किटली उतरली. बॉक्स उंच तिपाईवर टायर टाकून तनुजाच्या कानाच्या उंचीला, तिच्या खांद्यामागे बाजूला ठेवला. तिनं वाजवलं, आणि तिचा चेहरा उतरला. “एवढासाच?” खरंच एवढासाच होता. पोटात काही हलत नव्हतं. पण शेखररावांना एकेक सूर वेगळा ऐकू येत होता, दगडी पायऱ्यांसारखा, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत होतं. तिनं त्याच बॉक्समध्ये वर बसवलेल्या, बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचं बटण फिरवलं. “आजोबा, बोटांची टकटक फार येतेय का? आणि मागे सूं होतंय का? तसं असेल तर हा वरचा बंद करते.”

टकटक त्यांना येत नव्हती. सूं नव्हतं. तिचं बोट तारेवर आपटताना दिसत होतं, कालच्या वाफेसारखं, मुकं. ती वाट बघत होती, इनायत वाट बघत होता. ‘मला वाटतं’ हे दोन शब्द जिभेवर तयार होते. त्यांच्यापुढे काहीही लावलं तरी चाललं असतं, आणि पोरीनं विश्वास ठेवला असता, शनिवारी त्याच विश्वासावर उभी राहिली असती. नवनाथनं नव्हता का ठेवला. “तनू,” ते म्हणाले, “मला वरचं ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. चिमण्या, शिट्टी, टकटक, काही नाही. खालचं येतं. खालचं मी खात्रीनं सांगतो, हा खरा आहे. वरचं तू सांग.” इनायतनं अॅम्प्लिफायरचा मेन स्विच बंद केला, कदाचित आदरानं, कदाचित काय करावं न सुचून. “काका,” तो म्हणाला, “माझं उलटं आहे. वीस वर्षं बेसच्या भिंतीपुढे उभा राहून माझं खालचंच गेलंय. म्हणून तर सगळे मोठे बनवतो.” तनुजा आधी हसली आणि मग तिनं पाठ फिरवून डोळे पुसले. “टकटक आहे,” ती म्हणाली. “थोडी. कमी करते.”

मग इनायतनंच परीक्षा काढली. पोटमाळ्यावरचे चार मोठे बॉक्स चालू करून त्यानं ढोलपथकाचं रेकॉर्डिंग पूर्ण आवाजात लावलं. पत्र्याचं छप्पर थडथडू लागलं, रस्त्यावरचे दोघं-तिघं आत डोकावले. त्या दणक्यात तनुजा डोळे मिटून मागच्या महिन्यात चुकलेली तीच ओळ वाजवत होती. शेखररावांना आता काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. ते फक्त तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. एकदा ओळ झाली. दुसऱ्यांदा, मधेच, तिच्या कपाळावर आठी आली. बोट किंचित, दाण्याएवढं, मागे सरकलं, आणि आठी गेली. तिनं डोळे उघडले आणि त्या गोंगाटात ओरडून सांगितलं. शब्द त्यांना कळले नाहीत, पण तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं: एवढंसं चढलं होतं. चुकले. ऐकलं मी. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की शेखररावांना मान खाली घालावी लागली. आपली चूक होत असतानाच ऐकू येणं, तीन आठवड्यांनी नव्हे, त्याच घटकेला. माणसाला हे मिळू शकतं याचंच त्यांना इतकं नवल वाटलं, की ढोल थांबल्यावरही ते तसेच टायरच्या बाजूला उभे राहिले.

संध्याकाळी विजयश्रीबाईंनी कुकर लावला तेव्हा शेखररावांनी पुस्तकातला कागद काढून ओट्यावर उलगडून ठेवला. विजयश्रीबाईंनी तो बराच वेळ वाचला, समजण्यासारखं फार नव्हतं तरी. “म्हणजे काल मी उगाच बोलले,” त्या म्हणाल्या. मग थोड्या रागानं, “आणि चार महिने ग्रंथालय, ग्रंथालय.” शेखररावांनी पोळपाटावरचं लाटणं उचलून त्याचं एक टोक ओट्याच्या दगडावर टेकवलं, दुसरं कानामागे लावलं आणि वाकून उभे राहिले. “काय ध्यान दिसताय,” विजयश्रीबाई म्हणाल्या. पण नंतर त्यांनी पदराला हात पुसले आणि आपल्या दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून धरले. दगडातून आधी ज्योतीची गुणगुण आली, मग डाळ उकळण्याची, जाड, सावकाश. मग खालून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं सगळं थरारलं आणि कुकरच्या डोक्यावर वाफ उभी राहिली. ते थांबले. दुसऱ्यांदा. विजयश्रीबाई कान झाकून त्यांच्याकडे बघत होत्या, काहीही न सांगता. तिसऱ्यांदा आलं तसं शेखररावांनी हात लांब करून बटण फिरवलं.

“तीन,” ते म्हणाले. “नक्की.”